सरखेलांच्या समाधीवरून

अलिबाग,
रविवार

प्रिय दिनू,

तुझं पत्र वाचलं. तुमच्या जहाजावरच्या चीफ ऑफिसरने कान्होजी आंग्र्यांना सरळ ‘पायरेट’ म्हटलं आणि तुला ऐन वेळी बोलायला सुचलं नाही, हे मनाला फार लागलं. आज पाऊस उघडल्यावर पोरीला घेऊन समाधीवर गेलो.

भर गावात, चहूकडे रिक्षांची वर्दळ, आणि मध्ये सरखेल, म्हणजे आपले आरमारप्रमुख कान्होजी, शांत निजलेले. काळा दगड पावसाने अजून काळा झाला होता. पोर खाचेत साचलेलं पाणी बोटाने काढत बसली. मग म्हणाली, “बाबा, इथून समुद्र दिसतच नाही!” माझ्या घशात आवंढाच आला.

त्या ऑफिसरला दस्तकाचं विचार. या किनाऱ्यावरून गलबत न्यायचं तर सरखेलांचं दस्तक, म्हणजे पैसे भरून मिळणारा परवाना, घ्यायचं. पोर्तुगीज तर कान्होजींच्या कितीतरी आधीपासून कर्ताझच्या नावाने हेच वसूल करत होते. त्यांचा तो अंमल आणि आपल्या माणसाची ती चाचेगिरी? १७१३-१४च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून कान्होजींना शाहू महाराजांच्या बाजूला आणलं, सरखेलपद कायम झालं. आपल्या राज्याच्या आरमाराचा मुख्य होता रे तो!

आणि लढाई कशी करायचे! तू दर्यावरचा, तुला लगेच उमगेल. त्यांच्या गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजं, उथळ पाण्यात चालणाऱ्या, तोफा नाळेवर, पुढच्या टोकाला. वारा पडला की इंग्रजांचं अवजड जहाज जागच्या जागी अडकायचं. मग वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढत नेमकी त्याच्या पिछाडीला आणायची, जिथे त्याच्या तोफा कमी. वारा, भरती, खडक, सगळं तोंडपाठ असल्याशिवाय हे होत नाही. १७१८ला इंग्रज खांदेरी बेटावरच्या किल्ल्यावर चालून आले, हात हलवत परतले. १७२१ला पोर्तुगीजांना सोबत घेऊन इथल्या कुलाबा किल्ल्यावर आले, तरी तेच. १७२९मध्ये कान्होजी गेले, तोवर त्यांना कुणी हरवू शकलं नाही.

निघताना पोरीने तगरीची फुलं वाहिली. नंतर तिच्याच हट्टाने किनाऱ्यावर गेलो. कुलाब्याच्या तटावर लाटा फुटत होत्या; खांदेरी पावसात पार बुडालेली.

जहाजावरून साइन ऑफ झालास की थेट इकडेच ये. ओहोटी बघून किल्ल्यात चालत जाऊ. आणि तो ऑफिसर काय म्हणाला ते कळव, वाट बघतोय.

तुझाच,
सुधा