नॅनोतंतू चिपाडाचे की टाकाऊ कापसाचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वनस्पतींतील सेल्युलोज या तंतुमय द्रव्यापासून नॅनोतंतू, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म धागे, काढण्याची चर्चा हल्ली आपल्या ऊसपट्ट्यातही ऐकू येते. उसाच्या चिपाडापासून ते काढू, असे सांगून शेतकऱ्यांकडून भागभांडवल मागितले जाते आणि ‘पोलादाच्या पाचपट मजबूत, वजन मात्र एक पंचमांश’ हे वाक्य सभेत हमखास टाळ्या घेते. वर्णन खोटे नाही. पण ते एकेकट्या तंतूचे आहे. यंत्रातून प्रत्यक्षात बाहेर पडते ती खळीसारखी घट्ट लापशी, जिच्या शंभर किलोंत तंतू बहुधा दोन-तीन किलोच असतात आणि बाकी सारे पाणी. ती वाळवावी तर तंतू एकमेकांना असे चिकटतात की पुन्हा भिजवूनही नीट सुटत नाहीत; ओलीच पाठवावी तर ट्रकचे भाडे पाण्यापायी जाते.

चिपाडाविषयीही थोडे स्पष्ट बोलायला हवे. ते आपल्याकडे वाया जात नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणात आणि कारखान्याच्या बॉयलरमध्ये तेच जळण असते. शिवाय त्यात सेल्युलोज साधारण 40 ते 45 टक्केच असल्यामुळे उरलेली, तंतूंना एकत्र बांधून ठेवणारी लिग्निन व हेमिसेल्युलोज ही द्रव्ये काढण्यासाठी ते कॉस्टिक सोड्यात उकळावे लागते, मग विरंजन (ब्लीचिंग) करावे लागते आणि त्यानंतरच ते उच्च दाबाच्या होमोजिनायझरमधून, म्हणजे लगदा बारीक फटीतून रेटणाऱ्या यंत्रातून, पुनःपुन्हा काढून तंतू सुटे करता येतात. या उकळण्यातून निघणारे काळे पाणी कोठे सोडणार, हे पंचगंगेकाठी राहणाऱ्याने तरी आधी विचारलेच पाहिजे. तंतू सुटे करण्याच्या या कामात विजेचा खर्चही मोठा असतो, म्हणूनच टोकियो विद्यापीठातील अकिरा इसोगाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम्पो (TEMPO) या रासायनिक उत्प्रेरकाच्या साह्याने तंतूंवर ऋणभार आणून ते परस्परांपासून दूर लोटण्याची जी युक्ती काढली, तिला वन व लाकूड क्षेत्रातील संशोधनासाठी दिले जाणारे स्वीडनचे मार्कस वॉलेनबर्ग पारितोषिक 2015 साली मिळाले.

माझ्या मते आपली सुरुवात इचलकरंजी परिसरातील सूतगिरण्यांच्या टाकाऊ कापसापासून व्हावी. कापसात सेल्युलोज 90 टक्क्यांच्या आसपास असते आणि लिग्निन जवळजवळ नसतेच, त्यामुळे सोडा कमी लागतो आणि काळ्या पाण्याचा प्रश्न बराच हलका होतो. पॉलिस्टरमिश्रित माल तेवढा निवडून बाजूला काढावा लागेल, हे खरे. मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कापसापासून नॅनोसेल्युलोज तयार करण्याचा प्रायोगिक प्रकल्प उभारलेला आहे; तेव्हा मार्गदर्शनासाठी जपानपर्यंत जाण्याची गरज नाही.

लापशी वाळवण्याची अडचण टाळायची तर ती ओलीच जवळच्या कागद कारखान्याच्या लगद्यात मिसळावी, कारण तेथे पाणी मुळातच असते आणि थोड्याशा नॅनोतंतूंनीही कागदाची ताकद वाढते. शिवाजी विद्यापीठात नॅनो विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. त्याने एखाद्या सूतगिरणीला सोबत घेऊन असा प्रयोग करावा आणि किलोमागे लागलेले पाणी, सोडा व वीज यांचे आकडे जाहीर करावेत. शेतकऱ्यांकडून भागभांडवल मागणाऱ्यांनी तोवर थांबावे.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, कसबा बावडा, कोल्हापूर