शिबिराची वेळ सकाळची ठेवा

संपादक साहेब, नमस्कार. एप्रिल लागला की आमच्या पंढरपूर भागात शेडवर बेदाणा वाळत असतो, उसाला पाणी द्यायचं, त्यात लाईट रात्रीची, घरातलं सगळं माणूस रानात आणि त्याच टायमाला पोरांचं उन्हाळी शिबिर, तेही भर दुपारी! सोलापूरचं ऊन ४० च्या वर जातं हो. पोरगी घरी येते तेव्हा तोंड लालबुंद, बाटलीतलं पाणी कढत. शिबिर पाहिजेच, लेझीम शिकतात, मोबाईल सुटतो. फक्त सकाळी ७ ते १० ठेवा, रानात जाता जाता सोडता येईल. आणि एकदा पोरांना शेडवर पण आणा की, द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून ती डिपिंग ऑइल (त्यासाठीचं खास तेल) अन् पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळीवर कशी पसरतात ते बघू दे त्यांना.

– एक शेतकरी पालक, ता. पंढरपूर, जि. सोलापूर