जागा ठरवण्याआधी तिथे नाचून पाहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की नृत्यशाळा आणि महाविद्यालयांचे नृत्यविभाग छोट्या नृत्यपटांच्या मागे लागतात. चार-पाच मिनिटांची रचना, सात-आठ विद्यार्थी, एक कॅमेरा, आणि नदीचा घाट, किल्ल्याचा दरवाजा, सडा (कातळाचे सपाट पठार) नाहीतर समुद्रकिनारा. हौस चांगलीच आहे. पण जागा बहुतेक वेळा कॅमेरावाला एकटा जाऊन ठरवतो, कधी तर नुसते फोटो पाहून. नाचणारी मुले तिथे पोहोचतात ती थेट चित्रीकरणाच्या पहाटे. पायाखाली काय आहे ते तेव्हा कळते, आणि तोवर काहीही बदलायला उशीर झालेला असतो.

या पत्रातली मागणी एवढीच आहे. रेकीला, म्हणजे जागेच्या आगाऊ पाहणीला, नाचणाऱ्यांपैकी निदान एकीला किंवा एकाला न्यावे, ज्या वेळी चित्रीकरण होणार त्याच वेळी न्यावे, आणि त्या जागेवर घुंगरू बांधून पूर्ण रचना एकदा नाचून घ्यावी. तसे केले नाही तर काय बिघडते, ते नृत्य आणि छायाचित्रण शिकवणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. शाळांच्या चालकांना आणि पालकांना ते ठाऊक असतेच असे नाही, म्हणून हा विस्तार.

कथकचा तत्कार काय किंवा भरतनाट्यमचा तट्टडवू काय (दोन्हींत पाय जमिनीवर आपटून ताल धरतात), रोजचा सराव फळीवर झालेला असेल तर दगडावर तो अंगावर येतो. फळी प्रत्येक आघाताला किंचित दबते. दगड, फरशी, सिमेंट दबत नाही. सगळा धक्का टाच, नडगी आणि गुडघ्यात परत येतो. कार्यक्रमात रचना एकदा होते, चित्रीकरणात तीच तुकड्यातुकड्यांनी दिवसभर चालते. म्हणून पूर्ण जोर लावून नाचायचे टेक (एका तुकड्याचे पुन्हापुन्हा होणारे चित्रीकरण) चारच्या वर नेऊ नयेत. प्रकाश, फोकस आणि कॅमेऱ्याची हालचाल जुळवताना मुलांनी नुसत्या खुणा करत जागा धराव्यात. पायांचे जवळचे दृश्य तर मूळ दगडावर घेण्याची गरजच नसते. १८ मिलिमीटर जाडीचा आठ बाय चार फुटांचा एक प्लायवूड सपाट जमिनीवर टाकावा, त्यावर तिथलीच माती किंवा वाळू भुरभुरावी, आणि कॅमेरा खाली नेऊन घ्यावे. १२ मिलिमीटरचा प्लाय लवतो आणि ढोलासारखा घुमतो. १८चा एक तुकडा तीस किलोच्या पुढे जातो, तो उचलायला दोन माणसे लागतात. किल्ल्यावर न्यायचा असेल तर हा हिशोब आधीच करावा.

कोकणातला सडा फोटोत मोकळा रंगमंच दिसतो. त्याचा जांभा दगड खरखरीत असतो आणि उन्हात पटकन तापतो. तळहाताची मागची बाजू पाच सेकंद दगडावर ठेववत नसेल तर त्यावर अनवाणी नाचायचे नाही, हा साधा नियम पाळावा. हिवाळ्यातही सकाळी दहानंतर तो मोडायची पाळी येते. रत्नागिरी परिसरातल्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत, २०२२पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. तिरप्या उन्हात ती दिसतात, डोक्यावरच्या उन्हात नाहीशी होतात. ट्रायपॉड रोवण्याआधी सकाळच्या उन्हात तो भाग चालून पाहावा. कासच्या पठाराबद्दल लिहिण्याचीही खरे तर गरज पडू नये. दगडावरच्या बोटभर मातीत ती फुले उगवतात. तिथे फेर धरून नाचणे हा विषयच होऊ शकत नाही.

वाई-मेणवलीच्या घाटांचे दुखणे निराळे. वर धोम धरण आहे, आणि पाणी सोडले की खालच्या पायऱ्या बुडतात. पाणी उतरल्यावर त्याच पायऱ्यांवर शेवाळाचा पातळ थर राहतो. तो वाळला की दिसत नाही आणि ओल्या पावलाने पुन्हा निसरडा होतो. नारळाच्या काथ्याने घासून पायरी तेवढ्यापुरती सुधारते. चक्कर (गिरक्या) मात्र तिथे घेऊच नयेत, वरच्या कोरड्या पायरीवर घ्यावेत.

समुद्रकिनाऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त घोळ तिथे होतात. कोरड्या वाळूत पाऊल घोट्यापर्यंत जाते, तत्काराचा आवाज येत नाही, आणि चक्करात टाच फिरत नाही. नाचण्याजोगी वाळू म्हणजे नुकत्याच ओसरलेल्या पाण्याखालची, ओली आणि घट्ट. ती कधी आणि किती रुंद मिळेल हे तिथीवर ठरते. किनाऱ्यावरची माणसे तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. रत्नागिरी-मालवणकडे ती मुंबईपेक्षा थोडी आधी येते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात. याचा अर्थ असा की पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप आत जाते. कोवळा प्रकाश आणि रुंद घट्ट वाळू एकत्र मिळते ती याच तीन-चार दिवसांत. अष्टमीला गेलात तर सहा वाजता पाणी काठाला आणि वाळू उघडी पडणार भर दुपारी बाराला. तारीख कॉलेजच्या सुट्टीवरून ठरवली की नेमके हेच होते. अंतिम वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून नक्की करावी, पण तारीख निवडायला पंचांग पुरते.

उधाणाचा धोकाही आहे. ओहोटी सहाला असेल तर पहिले दोन तास पाणी हळू चढते. आठ ते दहा या दोन तासांत एकूण चढाचा जवळजवळ अर्धा भाग भरून येतो. सामान, बॅटऱ्या आणि कपड्यांच्या पिशव्या आठच्या आत वर न्याव्यात.

प्रकाशाचेही लक्षात ठेवावे. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य डोंगरामागून आणि माडांमागून वर येतो, त्यामुळे किनाऱ्यावर बराच वेळ सावली असते. तो मऊ, सारखा प्रकाश चेहऱ्यासाठी उत्तम. संध्याकाळी कॅमेरा समुद्राकडे वळवला की नर्तक काळ्या आकृती होतात. नृत्ताला, म्हणजे भाव न दाखवता केलेल्या शुद्ध नाचाला, ते शोभते, अभिनय मात्र पुसला जातो. डोळे आणि भुवया दिसणार नसतील तर त्या दृश्यात ठुमरी ठेवण्यात अर्थ नाही.

ओल्या वाळूवरही एकाच जागी पाच-सहा चक्करांत टाचेखाली खळगा पडतो आणि अक्ष कलतो. शिवाय मागच्या टेकची पावले पुढच्या टेकमध्ये दिसतात. दाताळे फिरवून त्या खुणा जात नाहीत, उलट रेघा उमटतात. उपाय एकच: किनाऱ्याला समांतर पुढे सरकत जायचे. प्रत्येक टेकला कोरी पट्टी, कॅमेरा तेवढाच पुढे, आणि माणसांची ये-जा सगळी कॅमेऱ्यामागून. घुंगरू जुने न्यावेत. खाऱ्या पाण्याने पितळ हिरवे पडते, दोरी फुगून गाठी आवळतात, घुंगरांच्या तोंडात वाळू शिरली की नाद बसतो. कातडी पट्ट्यावरचे असतील तर चामडे कडक होऊन तडकते. परतल्याबरोबर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावेत. आवाज नंतर वेगळा ध्वनिमुद्रित करायचाच असतो.

आवाजाकडे तर कुणीच पाहत नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. स्पीकरपासून ३० मीटरवर उभ्या असलेल्या मुलीला तालाचा बोल ०.०९ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.३७५ सेकंदाची, चौगुणीत, म्हणजे एका मात्रेत चार बोल असताना, एका बोलाला ०.०९ सेकंद. म्हणजे मागची रांग पुढच्या रांगेपेक्षा जवळजवळ एक बोल मागे पडते, आणि शिक्षक तिला ‘ताल धर’ म्हणून ओरडतात. चूक तिची नसते, स्पीकर कॅमेऱ्याजवळ ठेवणाऱ्याची असते. स्पीकर रांगांच्या मधोमध, बाजूला, खडकाआड ठेवावा आणि तो तारेने जोडलेला असावा. ब्लूटूथमध्ये आणखी ०.१ ते ०.३ सेकंदांचा उशीर मिसळतो. सगळ्यांना एकच स्पीकर ऐकू येत असेल तर संकलनात तो उशीर भरून काढता येतो; एक स्पीकर तारेचा आणि एक ब्लूटूथचा लावला तर कशानेही भरून निघत नाही.

कॅमेरा ६० मीटर लांब असेल तर त्याच्या माईकवर आलेला आवाजही, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर, चार फ्रेम मागे असतो. म्हणून नाचणाऱ्यांजवळ एक मोबाइल ध्वनिमुद्रणावर ठेवावा आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्याला दिसेल अशी टाळी द्यावी. संगीत चित्रीकरणाआधी पक्के झालेले हवे, नंतर लय बदलता येत नाही. मधूनच सुरू होणाऱ्या प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल करावी आणि तिच्यात आधीचे तालाचे एक पूर्ण आवर्तन ठेवावे, नाहीतर मुलांना सम (आवर्तनाची पहिली मात्रा) पकडायला उसंतच मिळत नाही. एखादा तुकडा संथगतीत पण तालात दाखवायचा असेल तर सेकंदाला ५० फ्रेमवर घ्यावा आणि त्या वेळी संगीत दुप्पट वेगाने वाजवावे. ते नाचणे अवघड असते, त्याचा सराव आठवडाभर आधीपासून लागतो.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचे शटर ठेवावे. शटर १/५००वर नेले की तत्कारातले पाय तुटक, थरथरते दिसतात. भर उन्हात शटर १/५० आणि भिंगाचे छिद्र एफ/४ ठेवायचे तर ३२ पट प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लागतो. तो नसला की कॅमेरावाला मुकाट्याने शटर वाढवतो आणि दोष नाचात दिसतो. बरेच मोबाइल फ्रेमची गती स्वतःच कमीजास्त करतात, त्यामुळे तीन-चार मिनिटांच्या सलग टेकमध्ये चित्र संगीतापासून सरकत जाते. गती बांधून ठेवणारे अॅप वापरावे. पूर्ण देह दिसणारे दृश्य कॅमेरा कमरेच्या उंचीवर ठेवून घ्यावे. वरून घेतले की पाय आखूड होतात. संकलन करणाऱ्याला ताल समजत नसेल तर शेजारी नर्तकाला बसवावे. अर्धा तोडा (समेवर संपणारी छोटी रचना) घेऊन समेआधीच दृश्य तोडलेले नृत्यपट पाहिले की हळहळ वाटते.

दिवसाचे वेळापत्रक शरीराप्रमाणे लावावे. उड्या, चक्कर आणि जोरकस तत्कार पहिल्या दोन तासांत. चेहऱ्याची आणि हातांची दृश्ये नंतर झाडाच्या किंवा पडवीच्या सावलीत. सुरुवातीला वीस मिनिटे अंग मोकळे करायचेच, पण मध्ये पंधरा मिनिटांहून अधिक थांबावे लागले तर पुन्हा पाच मिनिटे. स्नायू ओढले जातात ते बहुधा अशा थांब्यानंतरच्या पहिल्या टेकला. पाण्याबरोबर ओआरएस ठेवावे. मुलींना कपडे बदलायला आणि स्वच्छतागृहासाठी जवळचे घर दिवसभरासाठी ठरवून घ्यावे. हा खर्च अंदाजपत्रकात पहिला लिहावा, ड्रोनचा शेवटचा. ड्रोनचे नियम २०२१चे आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि पुण्या-मुंबईत या वर्तुळात बरेच काही येते. परवानग्यांसाठी राज्याच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. केंद्र संरक्षित किल्ल्यांसाठी पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, आणि दगडी दारात ट्रायपॉड उभा केला की पहारेकरी ती मागतोच. विद्यार्थ्यांच्या बिनव्यावसायिक चित्रीकरणासाठी कमी शुल्काचा वेगळा अर्ज शासनाने आणावा, अशी आमची विनंती आहे.

आता हक्कांचे. तुकोबांचा अभंग कुणाच्या मालकीचा नाही, पण त्याचे एखाद्या कंपनीने काढलेले ध्वनिमुद्रण प्रसिद्धीनंतर ६० वर्षे संरक्षित असते. कॉलेजच्या आवारात, विद्यार्थी-पालकांसमोर ते वाजवून नाचायला कायदा सूट देतो. चित्रफितीला लावून इंटरनेटवर टाकायला देत नाही. त्यापेक्षा शाळेतल्याच साथीदारांकडून ठेका, लेहरा (आवर्तन दाखवणारी वाद्यावरची धून) आणि गायन मुद्रित करून घ्यावे, त्यांना मानधन द्यावे.

नाचणाऱ्याचाही हक्क असतो, आणि तो त्यालाच माहीत नसतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नर्तक हा सादरकर्ता आहे. चित्रपटात आपले सादरीकरण वापरायला त्याने एकदा लेखी संमती दिली की, वेगळा करार नसेल तर, त्या चित्रपटातल्या वापराला त्याला पुढे हरकत घेता येत नाही. उलट ज्याचे काम प्रासंगिक मानले जाते आणि श्रेयनामावलीत नाव देण्याची रीत नाही, अशाचे बहुतेक हक्क कायदा मानत नाही. मागच्या रांगेतल्या मुलीचे नाव ‘आणि इतर’ मध्ये ढकलणे म्हणूनच नुसता अनादर राहत नाही. संमतिपत्र मराठीत, एका पानाचे असावे. चित्रफीत कुठे दाखवणार, विकली तर वाटा काय, मूळ चित्रीकरण कुणाकडे राहणार, हे त्यात लिहिलेले असावे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची सही घ्यावी. आणि ते रेकीच्या दिवशी द्यावे, मुलांनी घरी नेऊन वाचावे. पहाटे पाच वाजता, एका डोळ्याला काजळ लावून झालेले असताना, बसच्या दारात सही घेऊ नये.

आपले,
नृत्य आणि छायाचित्रण शिकवणारे काही शिक्षक, पुणे