आई-बाबा, मी सही केली नाही

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा नुसतं "बरं" म्हणून उठून गेले असते, म्हणून लिहितेय. माझ्या रॅपच्या गाण्यांसाठी त्या म्युझिक कंपनीने दिलेल्या करारावर मी सही केली नाही. आणि ऑफिसचा राजीनामा पण दिलाय, मंजूरही झाला, त्यामुळे आता "जरा थांब, विचार कर" म्हणून काही होणार नाहीये. रागावू नका ना.

बाबा, आयती संधी घालवली म्हणाल. अहो पण तो अ‍ॅडव्हान्स काही बक्षीस नसतो, माझ्याच रॉयल्टीतून तो आधी वळता करून घेतात, फिटेपर्यंत हातात काही नाही, वर मास्टर म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचा हक्क त्यांचा, उद्या माझंच गाणं मला वापरायचं तर त्यांना विचारायचं. नानांच्या सहीचं काय झालं ते आपल्या घरात सांगायला नको.

तुम्ही मागे विचारलंत ना, "मोठ्या कंपनीशिवाय असा कोण टिकलाय?" रॅपर एम एफ डूम. खरं नाव डॅनियल डुमिले. 1993 मध्ये भाऊ गेला, मग अल्बमच्या कव्हरवरून वाद झाला आणि कंपनीने तयार अल्बम अडवून त्यांच्या ग्रुपलाच काढून टाकलं. काही वर्षं हा माणूस गायबच. परत आला तो चेहरा झाकून, आधी ओपन माइकला तोंडावर स्टॉकिंग ओढून, नंतर धातूचा मुखवटा घालून. 1999 ला छोट्या लेबलवर पहिला सोलो अल्बम, 2004 ला मॅडलिब या संगीतकारासोबत 'मॅडव्हिलनी', आजही रॅप लिहिणारे तो ऐकून शिकतात. रेडिओवर वाजणारं नाव नव्हतं हो त्याचं, पण टिकला.

बाकी माझं भागतंय. दुसऱ्यांची गाणी मिक्स करून देते, शो असतात, आणि खरं सांगायचं तर स्ट्रीमिंगपेक्षा टी-शर्ट विकून जास्त मिळतात. (हसू नका.)

आई, तुला वाटतं हे खूळ माझ्या डोक्यात मित्रांनी भरलं. तूच भरलंस गं. मी उशीत तोंड खुपसून पडायचे आणि तू पाठीवर थापा मारत भुजंगप्रयात वृत्ताचं लगागा लगागा लगागा लगागा म्हणायचीस, मधेच चुकवायचीस, मी ओरडायचे, "आई, एक गुरु खाल्लास!" आता तेच करते. रॅपचे 16 बार म्हणजे तालाची 16 आवर्तनं, प्रत्येकात 4 ठोके, मिनिटाला 90 ठोक्यांच्या स्पीडला पाऊण मिनिटाच्या आत सगळं म्हणायचं आणि श्वास कुठे घ्यायचा ते आधीच ठरवायचं. अजूनही अडलं की तुझी थाप आठवते.

जेवते वेळेवर. झोप सकाळी उशिरापर्यंत काढते, पण सात तास होतात. रात्रीच्या शोनंतर एकटी येत नाही, कुणीतरी दारापर्यंत सोडतं. कानात इअरप्लग असतात, 100 डेसिबलला उघड्या कानाने 15 मिनिटांच्या वर थांबू नये म्हणतात. घसा बसलाय असं आईला वाटतं तो बसलेला नाही, तो तसाच आहे.

आता बाबा, तुम्ही डूमला गुगल करणारच, म्हणून आधीच सांगते. तो 2020 मध्ये 49 व्या वर्षी गेला, पण रॅपने नाही, ब्लड प्रेशरच्या नव्या औषधाची रिअ‍ॅक्शन येऊन. घाबरवत नाहीये, असं क्वचितच होतं. पण तुमची गोळी नुकतीच बदललीये ना? ओठ, जीभ किंवा चेहरा सुजल्यासारखा वाटला तर "सकाळी बघू" करायचं नाही, लगेच हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि हे वाचून स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही! आई, तू लक्ष ठेव, ते तुला सांगणार नाहीत. डॉक्टरांना विचारून गोळीचं नाव मला मेसेज करा. मागच्या वेळेसारखा चिठ्ठीचा हललेला फोटो नको, काही दिसत नाही त्यात.

काकूला मीच सांगेन, तुम्ही आधी बोलू नका. रविवारी फोन करते, स्पीकरवर ठेवा, आणि पहिला प्रश्न पैशाचा नको हं बाबा.

तुमची,
चिमी