हँडओव्हर घेण्याआधीचं 'नाही'

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "समोर आलेल्या कामाला नाही म्हणू नये, परक्या देशात तर नाहीच." ड्यूटीची वेळ झाली होती, बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून सविस्तर लिहिते. आयसीयूत नर्सने 'नाही' कधी आणि कसं म्हणायचं, हे औषधाच्या डोसाइतकं नेमकं असतं.

इथे कॅलिफोर्नियात एका नर्सकडे किती पेशंट असावेत, याचा कायदाच आहे. 1999 साली मंजूर झाला, 2004 च्या जानेवारीपासून त्यातले आकडे लागू झाले. आयसीयूत एका नर्सकडे जास्तीत जास्त दोन पेशंट. रात्री, सणावारी, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. पाळीभराची सरासरी काढून दाखवलेली चालत नाही. एक नर्स जेवायला गेली म्हणून तिचे दोन पेशंट शेजारणीच्या गळ्यात घालता येत नाहीत, कारण तिचे चार होतात. त्या अर्ध्या तासासाठी वेगळी नर्स द्यावी लागते. आणि दोन ही वरची मर्यादा आहे. पेशंट फारच अत्यवस्थ असेल तर त्या एकासाठी एक नर्स हवी.

आई, दोनच पेशंट म्हणजे आराम, असं तुला वाटेल. एकच धरून चल: व्हेंटिलेटरवर आहे आणि बीपी टिकवायला नॉरएपिनेफ्रिन पंपावर चालू आहे. हे औषध दोन-अडीच मिनिटांत रक्तात निम्म्यावर येतं. पिशवी संपली आणि पंप नुसता वाजत राहिला, तर नवी पिशवी आणून लावेपर्यंत बीपी कोसळलेलं असतं. म्हणून जुनी संपायच्या आत दुसरी तयार करून हाताशी ठेवायची. शिवाय दर तासाला लघवी मोजायची, इन्सुलिन चालू असेल तर तासातासाला साखर बघायची, दोन तासांनी कूस बदलायची, डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचललेली ठेवायची, नळीतला कफ ओढायचा. सतत चालणारं डायलिसिसचं मशीन असेल तर दर तासाला किती पाणी काढलं, किती दिलं, याचा हिशेब वेगळाच. याला सीटी स्कॅनला न्यायचं झालं तर नर्सलाही सोबत जावं लागतं, आणि दुसरा पेशंट मागे राहतो. तिथे तिसरा आला की अलार्म ऐकू येतो, पण हात दुसऱ्या खोलीत गुंतलेले असतात. गोंधळलेल्या पेशंटला श्वासाची नळी ओढून काढायला काही सेकंद पुरतात.

पेनसिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांमधल्या शस्त्रक्रियेच्या पेशंटांवरचा एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. नर्समागे प्रत्येक जादा पेशंटला 30 दिवसांत दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. मला हा आकडा फार लागतो.

आता नकाराबद्दल. तो हँडओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीच्या नर्सकडून पेशंटचा ताबा, घेण्याआधी द्यायचा. पेशंट स्वीकारल्यावर, दुसऱ्या कुणाला सांगून त्याची सोय न लावता निघून जाणं म्हणजे पेशंटला वाऱ्यावर सोडणं, आणि तिथे परवाना धोक्यात येतो. न स्वीकारणं ही वेगळी गोष्ट. म्हणून पाळी सुरू होताना आधी कुणाकडे कोणता पेशंट हे लिहिलेला बोर्ड बघायचा: व्हेंटिलेटर किती, पंप किती, कोण अस्थिर आहे, आपण न शिकलेलं मशीन कुणाला लावलंय का. त्या विभागाचं प्रशिक्षण आणि कौशल्याची खात्री झाल्याशिवाय नर्सला तिथे नेमू नये, हेही त्याच कायद्यात आहे.

मग चार्ज नर्सला, म्हणजे त्या पाळीच्या प्रमुख नर्सला, स्पष्ट सांगायचं. "मला जमणार नाही" एवढंच बोलून भागत नाही. "हा तिसरा पेशंट आहे, पहिल्याचं डायलिसिस चालू आहे, दुसऱ्याचं औषध दर दहा मिनिटांनी वाढवावं लागतंय" असं. लगेच पर्यायही मागायचे: चार्ज नर्सने एक पेशंट घ्यावा, नवे पेशंट घेणं थोडं थांबवावं, दुसऱ्या विभागातून आयसीयू जाणणारी नर्स आणावी. बहुतेक वेळा इथेच मार्ग निघतो. नाही निघाला तर सुपरवायझरला फोन. तरीही नेमणूक तशीच राहिली आणि पेशंटकडे बघायला दुसरं कोणीच नसेल, तर काम करायचं, पण आक्षेपाचा फॉर्म भरून: वेळ, पेशंट किती, त्यांची अवस्था (नावं नाहीत), कुणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं. त्याची प्रत युनियनकडे जाते. राज्याच्या आरोग्य खात्याकडे तक्रार करता येते. नियम मोडल्याचं ठरलं तर 2020 पासून पहिल्या वेळेला 15,000 डॉलर दंड आहे, पुढे 30,000. तोंडी तक्रार सकाळपर्यंत विरून जाते, म्हणून कागद हवाच.

टेक्सासात एका नर्सने किती पेशंट घ्यावेत, असा ठरलेला आकडा नाही. तिथे 'सेफ हार्बर' म्हणून सोय आहे: काम घेतानाच लेखी आक्षेप नोंदवला, तर नर्सच्या परवान्याला संरक्षण मिळतं आणि प्रकरण सहकाऱ्यांच्या समितीपुढे जातं.

बाबा, नाही म्हणणारी नर्स बहुधा खोलीच्या दारातच उभी असते, कामापासून पळालेली नसते. आत झोपलेल्या माणसासाठीच ती बोलत असते.

आत्याच्या बायपासची तारीख ठरली की डॉक्टरांना खर्च विचाराल, तेव्हा हेही विचारा: ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री आयसीयूत एका सिस्टरकडे किती पेशंट असतात, त्यांतले व्हेंटिलेटरवर किती, आणि ती जेवायला गेली की आत्याकडे कोण बघतं? उत्तर मला कळवा.

तुमची,
ताई