चौकटीबाहेरच्या माणसांचे आभार

प्रदर्शन काल संपलं. २४ फोटो, एकातही माझा चेहरा नाही. आतून लागलेली कडी, वाकलेलं उलथनं, ऐन मे महिन्यात दोरीवर वाळणारे लांब बाह्यांचे ब्लाऊज.

खालच्या मजल्यावरच्या काकू, तुम्ही त्या रात्री साडेअकराला बेल वाजवून विरजण मागितलंत. एवढ्या रात्री विरजण! उगारलेला हात तेव्हा खाली आला.

स्टुडिओतले दादा, वळांचे फोटो छापून देताना तुम्ही काही विचारलं नाहीत. फक्त प्रत्येकामागे तारीख घातलीत. पुढे वकिलांनी पहिल्यांदा तीच पाहिली.

संरक्षण अधिकारी मॅडम, घर माझ्या नावावर नसलं तरी तिथे राहण्याचा हक्क मला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम १७ ने आहे, हे तुमच्याकडून कळलं. तोवर मी फक्त 'जाऊ कुठे' एवढंच घोकत होते.

फोटोग्राफीच्या सरांनी अमेरिकन छायाचित्रकार नॅन गोल्डिनचं १९८४ मधलं स्वतःचं छायाचित्र दाखवलं होतं. मारहाणीने काळानिळा डोळा, ओठांवर लाल लिपस्टिक, नजर थेट आपल्यावर. मला असं लेन्सकडे बघणं अजून जमत नाही, म्हणून वस्तू. सर, तुम्ही 'चालेल' म्हणालात, आग्रह केला नाहीत.

आणि काल कडीच्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिलेल्या हिरव्या साडीतल्या ताई, आलात हेच खूप. दाराजवळच्या पाटीवरचा १८१ हा हेल्पलाइन नंबर तुम्ही तळहातावर लिहून घेतलात. माझं पेन तुमच्याकडेच राहिलं. असू दे.