सुट्टी मे महिन्यात आणि पाऊसही मे महिन्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दक्षिण अमेरिकेतील गयाना देशातल्या रुपुनुनी या गवताळ प्रदेशाची ओळख करून देणारा लेख वाचला. प्राण्यांची वर्णने चांगली उतरली आहेत; परंतु सोबतच्या चौकटीत हे ‘उन्हाळी सुट्टीत जाण्याजोगे ठिकाण’ असल्याचे म्हटले आहे, त्याला हरकत घेतल्यावाचून राहवत नाही. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, सवाना प्रदेशात पाऊस उन्हाळ्यात पडतो हे फळ्यावर असंख्य वेळा लिहिले, आणि तरीही एका सहल कंपनीच्या शब्दावर विसंबून मी आणि माझे यजमान मे महिन्याच्या अखेरीस नेमके तिथे जाऊन पोहोचलो.

रुपुनुनी गयानाच्या नैर्ऋत्येला, ब्राझीलच्या सीमेलगत आहे. तिथला मुख्य पावसाळा साधारण मे ते ऑगस्ट असा असतो. एरवी रुपुनुनी नदीचे पाणी एसेक्विबो नदीतून अटलांटिकला मिळते, तर जवळच्याच टाकुटू नदीचे पाणी ब्राझीलमार्गे ॲमेझॉनला जाते. पण या दोन खोऱ्यांमधला माळ इतका सपाट आहे की भर पावसात दोन्हीकडचे पाणी एक होते आणि एका खोऱ्यातले मासे दुसऱ्यात जातात. सोन्याच्या नगरीच्या शोधात निघालेल्या युरोपीय लोकांनी जुन्या नकाशांत या बाजूला एक प्रचंड सरोवर दाखवले होते. ते सरोवर म्हणजे हाच पुरात बुडालेला माळ असावा, असे हम्बोल्ट या शास्त्रज्ञाचे मत होते. आम्हालाही ते सरोवर दिसले. लेथम या सीमेवरच्या गावातून निघालेली जीप तासाभरात पाण्याला अडून परत फिरली, दोन दिवस पाऊस बघण्यात गेले आणि तिसऱ्या दिवशी इंजिनाच्या होडीतून पुढचा प्रवास झाला. नावाड्याने पाण्याबाहेर डोकावणाऱ्या कुंपणाच्या खांबांकडे बोट दाखवून सांगितले, की आपण चाललो आहोत तो रस्ताच आहे. परतल्यावर कंपनीकडे विचारणा केली, तर ‘निसर्गापुढे कोणाचा इलाज चालतो’ असे उत्तर मिळाले. निसर्गाने आपले वेळापत्रक पुष्कळ आधी जाहीर केलेले होते. ते पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती, आणि त्यात मीही आले.

दुसऱ्या खेपेला, टोरांटोला असलेल्या लेकीकडे मुक्काम असताना, आम्ही दिवाळीच्या सुमारास गेलो. तोच माळ ओळखू येईना. पाणी ओसरून ठिकठिकाणी डबकी उरलेली, त्यांत अडकलेल्या माशांवर माणसाच्या खांद्याएवढे उंच जाबिरू करकोचे उभे, काठावर काळ्या केमन मगरी पडलेल्या. तीन मीटरपर्यंत वाढणारा अरापायमा मासा हवा घेण्यासाठी अधूनमधून पाण्यावर येतो. त्याचा आवाज शांत तळ्यावर एखाद्याने जोरात सुस्कारा टाकावा तसा येतो. आणि मुंगीखाऊ! पहाटे घोड्यावरचा गुराखी पुढे जाऊन त्याला हुडकतो आणि हात उंचावून खूण करतो. मुंगीखाऊची नजर अधू पण नाक तिखट, म्हणून वारा आपल्या तोंडावर येईल अशा बाजूनेच जवळ जायचे असते. सोंडेसारख्या तोंडापासून झुबकेदार शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे दोन मीटर लांबीचे हे जनावर एका वारुळाशी जेमतेम मिनिटभर थांबते, नखाने भोक पाडून जीभ आतबाहेर करते आणि वाळवीचे शिपाई चावायला लागले की पुढच्या वारुळाकडे वळते. वारूळ शिल्लक राहते आणि त्याचा उद्याचा घासही. पंधरावीस पावलांवरून आम्ही हे पाहत होतो आणि आमच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही.

म्हणूनच, आखणी करताना आधी पाऊस पाहावा आणि मग रजेचा अर्ज लिहावा, एवढेच मला आपल्या वाचकांना सांगायचे आहे. बाकीच्या गोष्टी त्यामानाने सोप्या आहेत, पण अगदी शेवटच्या आठवड्यावर ढकलण्याजोग्या नाहीत. अमेरिकेतून विमान बदलून जायचे असेल, तर विमानतळाबाहेर न पडणाऱ्या भारतीयालाही तिथला व्हिसा लागतो. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र जपून ठेवावे लागते, कारण ते नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हिवतापाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. राजधानी जॉर्जटाउनहून लेथमला जाणाऱ्या छोट्या विमानात सामान अगदी मोजके नेता येते. आमच्या बॅगांचे वजन झाल्यावर आम्हा दोघांनाही काट्यावर उभे केले, तेव्हा यजमानांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. काबुरा नावाच्या बारीक चावऱ्या माश्या आहेत, त्यामुळे लांब बाह्यांचे कपडे हवेतच.

शाकाहाराची चिंता अनेकांना वाटेल. 1838 पासून मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांचे वंशज किनाऱ्याकडच्या भागात मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे जॉर्जटाउनमध्ये रोटी आणि डाळपुरी सहज मिळते, आणि दिवाळी ही तिथली सार्वजनिक सुट्टीच आहे. रुपुनुनीत मात्र आधी कळवावे लागते. आपला उपासाचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तो कसावा हे तिथल्या माकुशी लोकांचे मुख्य अन्न आहे. कडू कसाव्यात विष असते. म्हणून तो किसून मटापी नावाच्या वेताच्या लांबलचक विणलेल्या नळीत भरतात आणि नळी ताणून रस पिळून काढतात. उरलेला कीस परतून त्याचा जो खरखरीत रवा होतो, त्याला फरीन म्हणतात. दह्याची आठवण काढत आम्ही तो चार दिवस आवडीने खाल्ला.

आपल्या लेखात एका गोष्टीचा उल्लेखही नाही, याचे मला आश्चर्य वाटले. सुरामा आणि रेवा इथली पर्यटक-निवासे गावकरी स्वतः चालवतात. युपुकारी गावी मगरींच्या अभ्यासातून उभ्या राहिलेल्या निवासाचा गावच्या वाचनालयाला आधार आहे. अशा ठिकाणी चार-सहा महिने आधी थेट पत्रव्यवहार केला, तर पैसा गावात राहतो, आणि दुसरे म्हणजे कोणत्या आठवड्यात कोणती वाट चालू असते याचे खरे उत्तर मिळते. आमच्या दुसऱ्या खेपेच्या तारखा एका गावानेच बदलून दिल्या. ‘दहा दिवस उशिरा या, वाट अजून ओली आहे,’ एवढेच त्यांनी लिहिले होते.

तेव्हा विनंती अशी, की यापुढे पुरवणीत अशा ठिकाणांची माहिती देताना तिथल्या पावसाचे महिने चौकटीत ठळक छापावेत आणि रुपुनुनीच्या बाबतीत झालेली चूक पुढील अंकात दुरुस्त करावी. येत्या मे महिन्याची नोंदणी एव्हाना सुरू झाली असेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे